पूड दिलेल्या घरचं पाणी

दर अमावास्येला सकाळी मढीच्या देवस्थानाच्या डोंगराच्या पायथ्याशी, नारळ-रेवड्यांच्या दुकानांची रांग संपते तिथे, एक काळी-पिवळी जीप उभी असते. मागच्या खिडक्यांना जुन्या साडीचे पडदे लावलेले असतात. जीपचा मालक, नाव श्रीमंत, बॉनेटला टेकून तंबाखू मळत असतो आणि आत मागच्या सीटवर त्याची बायको छबूबाई लोकांचं गजकर्ण बघत असते. बाया आत येऊन पडदा ओढून घेतात. पुरुष बाहेरूनच पाय नाहीतर मान दाखवतात. छबूबाई चट्ट्याच्या काठावरून बोट फिरवते, दोन-तीन प्रश्न विचारते आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पुडी हातावर ठेवते. बारा वाजले की पडदे निघतात आणि तीच जीप पाथर्डीच्या सवाऱ्या भरू लागते.

पूड पळसाच्या बियांची असते. चैत्र-वैशाखात डोंगराच्या उतारावर पळसाच्या चपट्या शेंगा वाळून गळतात. एका शेंगेत एकच बी, तांबूस आणि पातळ. छबूबाई त्या बिया गोणीभर गोळा करते, रात्रभर भिजवते, साल काढून सावलीत वाळवते, उखळात कुटते आणि धोतराच्या फडक्यातून गाळून घेते. घेणाऱ्याने ती लिंबाच्या रसात कालवून चट्ट्यावर लावायची. ती झोंबते, चांगलीच झोंबते. पहिल्या दिवशी लावून कुणी हसत आलं तर छबूबाई समजते की यानं लावलीच नाही.

ही विद्या तिला सासूकडून मिळाली, तीही उसाच्या फडात. सोळाव्या वर्षी छबूबाई पाथर्डीजवळच्या पिंपळदऱ्यात लग्न होऊन आली आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेली. पुढे बावीस हंगाम तिने ऊस तोडला. फडात घाम, उसाची कूस, ओले कपडे आणि चार घरांत एक बादली. एकाला गजकर्ण झालं की पंधरा दिवसांत फडावरच्या सगळ्या कोप्या, पाचटाच्या खोपटांतली सगळी माणसं, खाजवायला लागायच्या. सासू रंगुबाई मोळ्या बांधता बांधता लोकांना पूड द्यायची. तिसऱ्या हंगामात तिने सुनेला बिया ओळखायला शिकवलं आणि त्याच्याबरोबर तीन नियमही सांगितले.

पुडीचे पैसे घ्यायचे नाहीत. कुणाला पूड दिली ते तिसऱ्याला सांगायचं नाही. आणि ज्याला पूड दिली त्याच्या घरी, त्याचं अंग साफ होऊन आपल्या डोळ्यांनी बघेपर्यंत, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही.

तिसऱ्या नियमाचं कारण छबूबाईने तेव्हाच विचारलं होतं. रंगुबाई म्हणाली होती, "त्याच्या घरचं खाल्लं की आपलं मन मऊ पडतं, बाई. मग बरं न्हाई झालं तरी 'झालं झालं' म्हनावं वाटतं. त्याच्या मिठाला जागून त्याचंच नुकसान."

रंगुबाई जाऊन बारा वर्षं झाली. श्रीमंतने जीप घेतली तेव्हा कोयता सुटला. पूड सुटली नाही आणि नियमही सुटले नाहीत. पिंपळदऱ्यात हे सगळ्यांना माहीत आहे. छबूबाईने एखाद्या घरी चहा नाकारला की गावातल्या बाया आपसांत बघतात आणि गप्प बसतात. गावाबाहेर मात्र पूड घेणाऱ्यांखेरीज हा नियम कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि तिथेच घोटाळा झाला.

छबूबाईची धाकटी लेक धनश्री तेवीस वर्षांची. डी. फार्म झालेली, पाथर्डीत मेडिकलच्या दुकानात नोकरीला. दुकानात दिवसभर ट्यूबा आणि गोळ्या विकायच्या आणि घरी येऊन आईच्या पुड्या बांधू लागायच्या, यात तिला काही विचित्र वाटत नसे. आईला चिडवायला मात्र आवडे.

"आई, तुझं लायसन कुठंय?"

"तुझ्या आज्जीच्या उखळाखाली. उचल आन् बघ."

मार्गशीर्षात धनश्रीला बघायला राहुरीकडचं स्थळ आलं. मुलगा करण, सव्वीस वर्षांचा, लिंबू-डाळिंबाची रोपवाटिका चालवणारा. बरोबर वडील सहादेव आणि आत्या चांगुणा. मुलाची आई येणार होती, पण त्या दिवशीच गाय व्यायला झाली म्हणून राहिली. सगळ्यांचे प्रश्न विचारून झाल्यावर करणने धनश्रीला एकच विचारलं, "नोकरी सोडायचा विचार नाही ना? राहुरीत मेडिकलची दुकानं चिक्कार आहेत." धनश्रीला तो तिथेच पसंत पडला. त्या दिवसापासून दोघांचे फोन सुरू झाले. पौषात पुढचं बोलायचं नाही म्हणून मोठी माणसं थांबली. फोनला पौष नसतो.

पौषातल्या अमावास्येला मढीला जीपमध्ये एक बाई आली. डोक्यावरून पदर, वर स्कार्फ, डोळे तेवढे दिसत होते. नाव विचारलं तर एक क्षण थांबून "सविता" म्हणाली. पडदा ओढून तिने कमरेची साडी सैल केली. नाडीच्या जागी, पोटाला वळसा घालून, हातभर लांब चट्टा होता. मधे काळवंडलेला आणि काठाला लालभडक.

"किती दिस झाले?"

"वर्ष व्हायला आलं."

"काय लावती?"

"ट्यूब. लावली की थांबतंय, सोडली की दुप्पट होतंय."

"घरात कुनाला ठाव हाय?"

"छ्या! पोराचं लग्न जमतंय. या वक्ताला कसं सांगू? नवऱ्याला बी न्हाई सांगितलं."

छबूबाईने पुडी दिली, ट्यूब बंद करायला सांगितली आणि पुढच्या अमावास्येला दाखवायला बोलावलं. पैसे पुढे आले ते परत केले आणि रीतीप्रमाणे तिसरा नियमही सांगितला. बाई स्कार्फच्या आत हसली. "तुमी कशाला येताय माझ्या घरी पानी प्यायला? लई लांब हाय आमचं गाव."

नऊ दिवसांनी, माघातल्या नवमीला, श्रीमंत आणि छबूबाई जीप घेऊन मुलाचं घर बघायला राहुरीकडे निघाले. बरोबर श्रीमंतचा चुलतभाऊ कल्याण आणि गावचे दोन जाणते होते. धनश्री रीतीप्रमाणे घरीच राहिली. निघताना आईच्या कानाला लागून म्हणाली, "आई, घर कसलंही असू दे, तू हसून ये."

घर चांगलंच होतं. कालव्याच्या कडेला पाच एकर, पुढे रोपवाटिकेची हिरवी जाळी, गोठ्यात चार गाई, अंगणात विहीर. सहादेवने पाव्हण्यांना विहिरीपाशी नेऊन पाण्याची पातळी दाखवली. दुष्काळी पाथर्डीच्या माणसांनी वाकून बराच वेळ आत बघितलं. त्यांच्याकडे देवाच्या मूर्तीकडेही इतका वेळ बघत नाहीत.

मग सगळे ओसरीवर बसले आणि आतून तांब्या-पेला घेऊन मुलाची आई पुष्पावती आली. छबूबाईने मान वर केली. स्कार्फ नव्हता, पण डोळे तेच होते. पुष्पावती तिला बघून तिथेच थांबली.

"घ्या ना पानी," पुष्पावती कसंबसं बोलली. आवाजही तोच.

"नको," छबूबाई म्हणाली. मग सगळे बघताहेत हे लक्षात येऊन म्हणाली, "उपास हाय."

आत्या चांगुणा दाराशीच बसली होती. सहादेवची ही थोरली बहीण त्याच गावात दिलेली, घर भिंतीला भिंत लागून. तिच्या जिभेला गावात सगळे वचकून असत. "उपास हाय तर काय झालं? पुष्पे, केळी आन. शेंगदान्याचा लाडू हाय, त्यो आन."

"न्हाई, न्हाई. कडक हाय. पानी बी चालत न्हाई."

"निर्जळी?" चांगुणाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "आज नवमी. नवमीची निर्जळी तुमच्या पाथर्डीत निघाली काय नवीन?"

इथे श्रीमंतने मदत करावी या हेतूने तोंड उघडलं. "कसला उपास गं? सकाळी दोन भाकरी खाऊनशान निघाली की तू. वर ठेचा मागून घेतला."

 

"म्हंजी भाकरीपत्तुर उपास न्हवता," चांगुणा म्हणाली. "आमच्या उंबऱ्यात पाय ठिवला आन् लागला."

चहा आला. छबूबाईने तो घेतला नाही. पोहे आले, ते समोर गार झाले. छबूबाई हसत राहिली, लेकीने सांगितलं होतं म्हणून. त्या हसण्याने आणखी बिघडलं. मुलाच्या घरी मुलीच्या आईने पाणी न घेणं याचा अर्थ शाळकरी पोरालाही कळतो. पुष्पावती खांबाला धरून उभी होती. तिला सगळं कळत होतं, आणि ते सांगायचं तर वर्षभर लपवलेलं ओसरीवर काढावं लागणार होतं. तिने सांगितलं नाही. छबूबाईने सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

 परतताना नगर सुटल्यावर श्रीमंतचा बांध फुटला.

"पाच एकर बागायत, हिरीला पानी, पोरगं निर्व्यसनी. तुला काय राजवाडा पायजे हुता?"

"घर ब्येस हाय. पोरगं बी ब्येस हाय."

"मग चहा का न्हाई घेतला?"

"न्हाई घेतला."

श्रीमंतने गिअर टाकला तो असा की मागे बसलेल्या कल्याणचं डोकं टपाला आपटलं. त्याला बायकोचा नियम माहीत होता, पण राहुरीच्या घराशी त्याचा संबंध त्याला जोडता आला नाही. बायकोने पूड दिलेली माणसं मढीला येतात आणि मढीलाच राहतात, असं त्याच्या डोक्यात बसलेलं होतं.

धनश्रीला मात्र संबंध जोडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. करणचा फोन आधीच येऊन गेला होता. घरात बोलाबोली झाली होती. आत्या म्हणत होती की ही सोयरीक नको, माझ्या नात्यात दुसरी पोरगी आहे. वडील म्हणत होते, पाडव्यापर्यंत त्यांनी परत यावं आणि सरळ पाणी घ्यावं, नाहीतर आपण पुढं बघू. करणला काहीच कळत नव्हतं.

"आई," धनश्री चुलीपाशी येऊन बसली. "त्या घरात तू कुणाला तरी पूड दिलीस."

छबूबाई भाकरी थापत राहिली.

"नाव विचारत नाही. फक्त एवढं सांग, ट्यूब लावत होतं का ते माणूस?"

छबूबाईने भाकरी तव्यावर टाकली. "व्हय."

"किती दिवस?"

"वर्षभर."

धनश्रीने कपाळाला हात लावला. तसल्या ट्यूबा ती रोज बघत होती. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून लोक पुन्हा पुन्हा घेतात, आणि वरून निवलेलं गजकर्ण खालून पसरत राहतं. "आई, वर्षभराचं ट्यूबेनं पसरलेलं गजकर्ण नुसत्या पुडीनं पाडव्यापर्यंत जाणार नाही. तुला पण माहीत आहे."

माहीत होतं. पुडीने काय जातं आणि काय जात नाही, हे छबूबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. तीस वर्षांत तिने कितीतरी जणांना "हे माझं काम न्हाई, दवाखान्यात जा" म्हणून परत पाठवलं होतं. या वेळी मात्र तिने हातभर चट्टा बघूनही पूड दिली होती, कारण बाई लांबून आली होती आणि रडवेली झाली होती. मन मऊ पडायला त्यांच्या घरचं पाणीसुद्धा लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने धनश्रीच्या मोबाईलवरून राहुरीचा घरचा नंबर लावला. पलीकडून पुष्पावतीचाच आवाज आला. छबूबाईने विचारलं, "सविताबाई हायेत का?"

 मग हळूच उत्तर आलं, "हां. सविताच बोलतीय."

"आता गप ऐकून घ्या. सोमवारी सकाळी नगरच्या स्टँडवर या. सरकारी दवाखान्यात चामडीची डाक्टरीन बसती. मी संगं येते."

"आन् घरी काय सांगू?"

"ते तुमी बघा. मी नवमीचा उपास सांगून बसले, तुमी त्याच्यापरीस बरं कायतरी काढा."

पलीकडे पुष्पावती फिसकन हसली. वर्षभराच्या खाजेनंतर ती पहिल्यांदाच तशी हसली असावी.

सोमवारी दोघी दवाखान्यात रांगेत बसल्या. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने चट्टा बघितला, पूड हुंगली, बोटांनी चोळून बघितली आणि छबूबाईला विचारलं, "पळस का?"

"व्हय."

"सोलवटलेल्या जागी लिंबू लावू नका, कातडी जळते. पूड सध्या बंद. गोळ्या सव्वा महिना, एकही दिवस न चुकवता. आणि घरात सगळ्यांचे टॉवेल वेगळे."

छबूबाईने मान हलवली. आपली पूड बंद करायला सांगणाऱ्या माणसाचं तिने पहिल्यांदाच गप ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मात्र पुष्पावतीला म्हणाली, "टॉवेलाचं मी बी सांगते. तिच्याआधीपासनं."

स्टँडवर बस यायला वेळ होता. पुष्पावतीने कँटीनकडे बोट केलं. "हे काय माझं घर न्हवं. इथला चहा चालतो का तुमच्या सासूबाईंला?"

छबूबाईने विचार केला. रंगुबाईच्या नियमात स्टँडचा उल्लेख नव्हता. "चालतो. वर भजी बी चालत्यात."

दोघींनी चहा-भजी खाल्ली. गाय कशी व्याली इथपासून चांगुणाने आयुष्यात किती सोयरिकी मोडल्या इथपर्यंत बोलणं झालं. पुष्पावतीची बस लागली तरी ती उठेना, शेवटी वाहकाने गावाचं नाव घेऊन हाका मारल्या. पुढच्या सव्वा महिन्यात 'सविताबाईं'ना दर आठवड्याला पाथर्डीहून फोन जात राहिला. गोळी घेतली का, टॉवेल उन्हात टाकला का, खाज कशी आहे. तेवढ्या काळात पुष्पावतीने दुसरी पोरगी बघायला निघालेल्या आपल्या नणंदेला दोनदा थोपवून धरलं. एकदा गाय आजारी पाडली, एकदा माहेरचं कुणीतरी वारलं, ते आधीच दहा वर्षांपूर्वी वारलेलं होतं.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात जीप पुन्हा राहुरीला गेली. या वेळी कल्याणबरोबर धनश्रीही आली होती. "जे काय व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे," म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली. श्रीमंतने बायकोला रस्ताभर बजावलं, "पानी आलं की पी. आलं की पी. न्हाई आलं तर मागून पी."

घरी पोचल्यावर पुरुष ओसरीवर बसले. पुष्पावतीने "लुगडी दाखवते" म्हणून छबूबाईला आतल्या खोलीत नेलं आणि खिडकीपाशी उजेडात उभी राहिली. छबूबाईने बघितलं. पोटावरचा सगळा वळसा गेला होता. कातडी निवळली होती, नुसता तपकिरी डाग राहिला होता. तिने बोट फिरवलं. एक वीत, दोन वीत, सगळं सपाट. मग पाठीकडे, जिथे नाडीची गाठ येते तिथे, बोट अडलं. आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा. काठ अजून वर आलेला.

पुष्पावती तिच्या तोंडाकडे बघत होती. "झालं ना साफ?"

बाहेर लेक बसलेली होती. ओसरीवर तांब्या-पेला मांडल्याचा आवाज येत होता. छबूबाईने पुन्हा बोट फिरवलं, काठ आहे का नाही ते नीट बघायला. होता.

"न्हाई," ती म्हणाली. "अजून हाय."

"एवढुसंच तर हाय!"

"एवढुसंच परत पसरतंय. अजून पंधरा दिस गोळ्या घे. डाक्टरनीला दाखव."

"अहो, पर आज..."

"आज काय मी करू, पुष्पे? हाय त्याला न्हाई कसं म्हनू?"

दोघी बाहेर आल्या. सहादेवने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि श्रीमंतच्या हातात दिला. "पाव्हणं, मागच्या वेळंला काय झालं ते आमच्या ध्यानात आलं. तुमच्या मंडळींनी हिरीत बघितलं आन् मग पानी घेतलं न्हाई. म्हनलं, पान्यातच खोट दिसली असंल. बाटली भरून तपासायला दिली. ह्यो दाखला. पिन्याजोगं हाय, सही-शिक्क्यासकट."

श्रीमंतने दाखला उलटा-सुलटा बघितला. करण आणि धनश्री एकमेकांकडे बघायचं टाळत होते, हसू येईल म्हणून. चांगुणाने पेला भरला आणि स्वतःच्या हाताने छबूबाईपुढे धरला.

"घ्या, विहीनबाई. आता तर सरकारनं बी सांगितलं."

छबूबाईने पेल्याकडे बघितलं. उन्हातून आलेली, तहान होतीच. तिने हात जोडले. "मला माफी करा. आज बी न्हाई चालत."

"सहादेव, ऐकलं?" चांगुणा उसळली. "आता तरी समज. ह्या बाईला आपल्या घराची..."

"तिला काय बोलू नका, आक्का," पुष्पावती म्हणाली.

तिचा आवाज एवढा मोठा निघाला की सहादेवने वळून बघितलं. पुष्पावती खांबाला न धरता उभी होती. "ती माझ्यामुळं पानी घेत न्हाई. मला गचकरन झालंय. वर्ष झालं. तुमाला कुनाला कळू दिलं न्हाई मी. मढीला जाऊन हिच्याकडून पूड आनली, तवा मला ठाव नव्हतं ही कोन ती. पूड दिलेल्या घरचं पानी, अंग साफ होईस्तोवर, ही पीत न्हाई. तिच्या सासूचा नेम हाय. दीड महिना तिनं तुमचं बोलनं खाल्लं, माझं नाव न्हाई काढलं. आत्ता आत जाऊन बघितलं तिनं. आठ आण्याएवढं ऱ्हायलंय. 'झालं' म्हनली असती तर तिच्या लेकीचं काम झालं असतं. न्हाई म्हनली."

 मग सहादेवने दाखला श्रीमंतच्या हातातून काढून घेतला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. "म्हंजी," तो म्हणाला, "हिरीत काय खोट न्हाई."

पहिल्यांदा करण हसला. मग कल्याण, मग श्रीमंत, आणि श्रीमंत हसायला लागला की गावातले कुत्रे भुंकतात अशी त्याची ख्याती आहे. गाईंनी माना वर केल्या. सहादेव बायकोकडे वळून म्हणाला, "वर्षभर? मला सांगायचं न्हाई व्हय?" पुष्पावतीने तोंडाला पदर लावला, पण पदराआड तीही हसत होती. धनश्री उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामी, गोळ्या अर्ध्यात सोडू नका. आणि मामांना पण तपासून घ्या." सहादेवचं हसू जरा कमी झालं.

तारीख तिथेच ठरली, वैशाखातली. सगळ्यांना साखर वाटली. छबूबाईने आपली साखर कागदात बांधून कनवटीला लावली, पंधरा दिवसांनी खायची म्हणून.

 जेवणाची पानं मांडायला लागल्यावर चांगुणा उठली आणि छबूबाईच्या दंडाला धरलं. "चला."

"कुठं?"

"माझ्या घरी. भिंत एक असंल, चूल येगळी हाय माझी. का तिचा बी नेम हाय काय?"

वेगळ्या चुलीला नियम नव्हता. छबूबाई गेली. चांगुणाने पाट मांडला, पाण्याचा तांब्या भरून आणला. छबूबाईने तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. चांगुणा ताट घ्यायला वळली, थांबली, दाराला कडी घातली आणि पुढ्यात येऊन बसली. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन तिने पाय वळवून दाखवला. गुडघ्यामागे तळव्याएवढा गोल चट्टा होता, काठाला लाल.

"पुष्पीचा टॉवेल घेतला असंल मी," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "मला बी दे जरा."

छबूबाईने बोट फिरवलं. "कवापासनं?"

"महिना झाला असंल. ट्यूब-बीब काय लावली न्हाई."

हे पुडीचं काम होतं. छबूबाईचा हात पिशवीकडे गेला, आत पुडीपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. तिने हात रिकामाच बाहेर काढला.

"काय झालं? संपली?"

"संपली न्हाई. आधी ताट वाढ. पूड दिली की मग, बरं होईस्तोवर, तुझ्या दारात मला पानी बी न्हाई."

चांगुणाने तिच्याकडे बघितलं. मग उठली, टोपलं आणलं आणि ताटात एक सोडून तीन भाकऱ्या टाकल्या, वर पिठल्याचा डोंगर आणि त्याच्यावर तेलाची धार.

"अगं, एवढं कोन खातंय?"

"खा," चांगुणा म्हणाली. "सगळं लगीन होईस्तोवरचं आत्ताच खाऊन घे."